ठिपके म्हणजे सोनं

हेन्क निवृत्त होऊन मायदेशी निघाला,
हिंजवडीत आम्ही अकराजणांनी वर्गणी काढली
आणि त्याच्या गावाची ढाल तांब्यात घडवून घ्यायला
मी तांबट आळीत गेलो, मोरेश्वर वडक्यांकडे.

मोबाइलवरचं चित्र त्यांनी हात लांब करून पाहिलं.
निळी ढाल. सोनेरी पक्षी. एका पायावर.
"तांब्यात निळं कुठून आणू?
आणि हे पाखरू कोण?"

भेट गुपित होती. चहाच्या वेळी हेन्कला आडून विचारलं,
आणि तो उघडला, जसा तीन वर्षांत कधी उघडला नव्हता.

आधी होता पितळेचा शिक्का, दलदलीच्या कराचा,
गरम मेणावर दाबायचा, पावतीमागून पावती.
दोनशे वर्षं दाबून दाबून
पक्ष्याची चोच गेली.
मग राजा आला, राजाचं दप्तर आलं,
हरेक गावाने आपलं चिन्ह कळवावं.
गावच्या कारकुनाने झिजका ठसा पाठवला
आणि रंग लिहायला विसरला.
जे विसरले त्या सगळ्यांना दप्तराने
निळं नि सोनेरी देऊन टाकलं, राज्याचेच रंग,
आणि मोर्तब झालं.

"पण पक्षी कुठला?"
"कागदावर हंस. आजोबा म्हणायचे, बगळा.
आजी म्हणायची, बदक.
तिला बदकं आवडायची."

जाता जाता म्हणाला,
पूर्वी छापखान्यात रंग नसत,
तेव्हा आडव्या रेघा म्हणजे निळा
आणि ठिपके म्हणजे सोनं.

वडक्यांना हे सांगितलं तेव्हा
आळीभर ठक् ठक् चालू होती,
त्यांची तेवढी थांबली.
"ठिपके म्हणजे? पुन्हा सांगा."
मांडीशी अर्धं मठारलेलं घंगाळ होतं,
ठिपक्याला ठिपका लागून गेलेला, काठापर्यंत.
त्यांनी ते फिरवून पाहिलं.
"चव्वेचाळीस वर्षं," म्हणाले,
"आणि कुणी बोललं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते डेंगळे पुलाखाली गेले.
मुठेच्या काळ्या पाण्यात, जलपर्णीच्या कडेला,
प्लास्टिकच्या पिशवीशेजारी
तो उभा होता, एक पाय पोटाशी घेऊन,
कुणाचं काही देणं नसल्यासारखा.
"हंस मी पाहिलेला नाही," वडके म्हणाले.
"हा पाहिलाय."

निरोपाच्या दिवशी केक कापायचा राहिला.
हेन्क थाळी खिडकीपाशी घेऊन गेला,
रेघांवरून नख, ठिपक्यांवरून अंगठा,
मग चोच. लांब, सरळ, टोकदार.
आजोबांचं नाव त्याने त्यांच्या भाषेत घेतलं असावं,
आम्हाला कळलं नाही,
आम्ही टाळ्या वाजवल्या.

पावती माझ्याकडेच राहिली. वळणदार अक्षर:
तांब्याची थाळी, नग एक.
आडव्या रेघा, मजुरी वेगळी.
ठिपके, नेहमीच्या दराने.
पक्ष्याचे पैसे लावले नाहीत.