अधिक साडेपाच

खानापुरात, स्टेशन रोडला, शटर वर करून
मी कॉम्प्युटर चालू करते तेव्हा
त्याच्यात एक जानेवारी दोन हजार दोन असतं.
रोज.
आतली बटणाएवढी बॅटरी मेलीय.
रात्री वायर काढली की वर्ष विसरतो.

काल विनायकनं फॉरमॅट मारला,
तेव्हापासून गावसुद्धा चुकलंय:
घड्याळ म्हणतं, आपण अमेरिकेच्या पल्याडच्या काठावर.

बाकावर भरमू पाखरे. जांबोटीहून पहिल्या एसटीनं आलेत.
उतारा पाहिजे.
सरकारी पान उघडत नाही,
तुमचं घड्याळ मागे आहे म्हणतं.
'कुणाचं?' ते मनगट बघतात.
मनगटावर नुसता पट्ट्याचा फिकट वण.

मी यादी उघडते. उणे आठ.
बाण खाली, बाण खाली.
समुद्रातली बेटं जातात, तिथं कोण राहतं काय की.
शून्यावर लंडन. नैरोबी. पाचावर कराची.
मग साडेपाच:
चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली.

'आपलं बेळगाव?'
नाही काका.
'बेंगळूर?'
तेही नाही.
तंबाखू दाढेखाली सरकवून ते हसतात.
'मग ह्यात भांडायला कायच नाही की.'

अर्ज कन्नडमध्ये, लग्नपत्रिका मराठीत,
दोन्ही मीच टाइप करते.
कोपऱ्यातली भाषेची खूण दिवसभर बदलत राहते,
तिच्या शेजारचे आकडे नाहीत बदलत.
म्हणजे, बदलतात. तसे नाहीत.

मग तारीख. ते वाकून बघतात.
'दोन हजार दोन?
म्हणजे बाळेश अजून गोव्याला गेला नाही.'
माझं बोट माउसवर थांबतं.
'त्या मे महिन्यात फोंड्याला हॉटेलात लागला.
गणपतीला आला एकदा. मग...'
वाक्य तिथंच ठेवून देतात.
'राहू दे की जरा. चहा येईतोवर.'

चहा येतो.
आम्ही दोघं दोन हजार दोनमध्ये बसून पितो.
मी तिसरीत आहे, मला अजून कन्नड वाचता येत नाही.
बाहेर लोंढ्याची गाडी शिटी देते, आत्ताची.

मग वर्षं चढवते, एकेक टिचकी.
कंडक्टर तिकिटं फाडताना बघावं
तसे ते बघत राहतात.

उतारा निघतो. आजची तारीख.
नावांच्या रकान्यात बाळेश आहेच, चौथा.
ते कागद चार घड्या घालून टोपीत ठेवतात.

बॅटरी चाळीस रुपयाला, बेळगावात मिळते.
तिकडं कुणी जाणार असेल तर सांगा, म्हटलं.
'मीच जाऊलालो बुधवारी,' ते म्हणाले,
'पण विसरलो तर रागावू नको.'