ऐन दुपारचा बदल

परिपत्रक आलं रविवारी,
इथल्या आठवड्याच्या पहिल्या सकाळी.
दीड पान, खाली जांभळा शिक्का :
ऑनलाइन ज्ञानकोशात लिहिणाऱ्या सरकारी नोकरांसाठी सूचना.
पाणी खातं, मुहर्रक, दुसरा मजला.
रोवेना म्हणाली, इथं रजेचा अर्ज धड लिहीत नाही कुणी,
ज्ञानकोश कोण लिहितंय?
सगळे हसले.
मीही हसलो, जरा मागाहून.

मीटर वाचणाऱ्या पोरांना हिंदीत समजाव, म्हणून मलाच सांगितलं.
उभा राहिलो फळ्यापाशी.
आधी सांगायचं, आपण कुणाचे नोकर.
ज्याचं मीठ खातो त्याच्या पानाला हात लावायचा नाही.
चूक दिसली तर शेजारच्या चर्चापानावर मांडायची
आणि बाजूला व्हायचं.
तुफैल म्हणाला, पण भाई,
आपलं काम तर मीठ काढून टाकायचं.

पुढचं कलम : तटस्थ राहावे.
हा शब्द हिंदीत शोधावा लागला नाही.
तटावर उभा असलेला.
कुठल्या तटावर, ते कलमात नव्हतं.
आमच्या खिडकीतून दिसतो तो तट
अकरा वर्षांपूर्वी पाणी होता.

आता सांगतो.
तिथं एक झरा होता, खाऱ्या समुद्राच्या तळाशी, गोडा.
खलफ, आमचा पेन्शनीत गेलेला वॉल्व्हवाला,
त्याचा आजा बुडी मारून पखाल भरायचा
आणि तिचं तोंड मुठीत आवळून वर यायचा.
ऐन रुवैसा.
ऐन म्हणजे इथं झरा, ऐन म्हणजे डोळा.
आमच्या बाणकोटात ऐन म्हणजे नेमकं तेव्हाच :
ऐन उमेदीत, ऐन वेळी, ऐन दुपारी.

ऐन दुपारी, एक वाजून वीस मिनिटांनी,
कुणी नमाजाला, कुणी जेवायला गेलेलं असताना
मी ज्ञानकोशातलं एक वाक्य बदललं.
'भराव टाकून झरा बुजवला' होतं.
'कालांतराने झरा आटला' केलं.
साहेबांनी सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते,
ते वाक्य वाचवत नाही रे.
बुजवला म्हटलं की विचारतात, कुणी?
आटला म्हटलं की नुसते हळहळतात.
शुद्धलेखनही तपासलं मी. पूर्णविराम दिला.
नाव दिलं नाही, वाटलं,
बिननावाचं ते कुणाचंच नसतं.
पण इतिहास नावाची एक कळ असते तिथं.
दाबली की सगळं वर येतं, तारीख, मिनिट,
आणि नावाच्या जागी आकडे,
या इमारतीचे.

रात्री खोलीवर खातं उघडलं.
चर्चापानावर लिहिलं :
मी मोरेश्वर पालशेतकर, याच पाणी खात्याचा पगारी कारकून.
तो बदल माझा. खोटा आहे.
जुनं वाक्य मी परत ठेवू शकत नाही, तशी मुभा नाही मला,
दुसऱ्या कुणी ठेवावं.
खाली कुणीतरी विचारलं, विश्वासार्ह स्रोत?
स्रोत म्हणजेही झराच की, असं बोटांवर आलं होतं,
खोडलं.
खलफ चालत नाही. खलफ छापलेला नाही.
भरावाचा नकाशा आहे, तो साहेबांच्या कपाटात.

दोन दिवसांनी वाक्य परत आलं,
शेपटाला बारीक अक्षरांत : संदर्भ हवा.

गुरुवारी खलफ पेन्शनच्या कागदासाठी आला,
त्याला फोनवर दाखवलं.
चष्मा नव्हता. त्या बारीक अक्षरांवर नख ठेवून म्हणाला,
हे काय म्हणतात?
म्हटलं, विचारतात, झरा नक्की कुठे होता.
तो खिडकीपाशी गेला. हात उचलला नाही,
नुसती हनुवटी पुढे केली,
पार्किंगची तिसरी रांग,
साहेबांची पांढरी गाडी.