हातचा

सोहारच्या बंदरामागे, चार नंबर गेटपाशी
माझी पेटी उभी आहे. पत्र्याची, पांढरी, आत बावीस अंश.
छपरावरची नळी दिवसरात्र हवा पिते
आणि दर मिनिटाला एक आकडा सांगते.
पंधरवड्यानं मी जातो, फिल्टर बदलतो,
मीठ आणि वाळू बसून चहाच्या गाळणीसारखा झालेला,
मग सिलिंडरमधली शून्य हवा पाजतो तिला,
काहीच नसणं कसं असतं ते तिच्या लक्षात राहावं म्हणून.

मस्कतला बुथैना मॉडेल चालवते.
तिच्या नकाशावर सोहार म्हणजे चार-चार किलोमीटरचे चौकोन.
माझ्या चौकोनात रिफायनरीची कड, खजुराची बाग,
कुंजप्पनची लाँड्री, समुद्राचा एक तुकडा,
सगळं ढवळून एकच हवा.

जूनमध्ये तिचा फोन: "तुझं यंत्र बिघडलंय.
रात्री दोनला मी म्हणते ओझोन अठ्ठावीस,
तू म्हणतोस दोन."
पंप तपासला. दिवा तपासला. गळती नाही.
पुन्हा दोन. कधी एक.
"आणि ईदच्या तीन रात्री बघ," ती म्हणाली,
"तेवढ्यापुरतं आपलं जमलं होतं."

मग एका रात्री नुसताच गेलो, हत्यारं न घेता.
कुंपणापलीकडे ट्रक. सव्वाशे असतील, पुढे मोजले नाहीत.
गेट पहाटे पाचला उघडतं. तोवर इंजिनं चालू,
कारण इंजिन बंद म्हणजे एसी बंद,
आणि पस्तीस अंशांत झोप कुठली?
एका काचेवर टकटक केलं. शेरझमान, स्वातचा.
"बंद करू का, साहेब?" डोळे चोळत, घाबरून.
नको, म्हटलं. झोप.

ईदला गेट बंद होतं.

ताजा धूर ओझोन खातो. परीक्षेला आलं होतं हे मला.
यंत्रावरचा तो दोन म्हणजे
सव्वाशे माणसं, काचा लावून झोपलेली.

बुथैनाच्या यादीत चिमण्या होत्या, जहाजं होती,
हमरस्त्याचा धूर किलोमीटरवर मोजलेला.
उभ्या गाडीचे किलोमीटर किती होतात?
शाळेत बेरीज चुकली की बाई पाटीवर बोट ठेवायच्या:
हातचा कुठे गेला रे?

तिनं एक ओळ वाढवली. रेष खाली आली,
अठ्ठावीसचे अकरा झाले. दोन काही झाले नाहीत.
मधले नऊ कुठले, आम्ही अजून शोधतोय.
ओळीला नाव काय देऊ, तिनं विचारलं.
मी म्हटलं, झोप.
ती हसली, आणि लिहिलं: उभी वाहने, रात्र.