हिशेब

समितीत आम्ही तिघं. मी खजिनदार,
कारण बर्फ काढायचं यंत्र चालवतो
आणि पै-पैचा हिशेब ठेवतो.
पियानो सुटून एकेचाळीस वर्षं झाली.

स्वावाबाईंची फी आमच्या घरून माशांत जायची.
सरोवर गोठलं की वडील बर्फाला भोक पाडत,
आणि शनिवारी मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले
दोन मासे घेऊन त्यांच्या दारात.
बाई मासे आत ठेवत, साबणाने हात धूत,
मग माझ्या हाताच्या पाठीवर एक नाणं ठेवत.
"वाजव. पडू द्यायचं नाही."
पडायचंच.
टिकलेलं नाणं ज्याचं त्याला,
पडलेलं कपाटावरच्या बरणीत.
ती बरणी बहुतेक मीच भरली.

फेब्रुवारीत बाई गेल्या.
जमीन अशी दगड झालेली
की पुरायला एप्रिल उजाडला.
भाच्याने घर आवरलं, बरणी माझ्याकडे आणून दिली:
चारशे बारा डॉलर,
आणि आइसलँडचं एक काळं पडलेलं नाणं,
जे बँकेने परत केलं.
बाकीची भर गावाने घातली.

स्पर्धेला नऊ मुलं.
सातवी मारिसेल दुमलाव, वय चौदा,
आई मासे साफ करायच्या कारखान्यात.
सराव कर्लिंगच्या हॉलमधल्या पियानोवर.
त्याच्या चार पट्ट्या कधीच्या मुक्या.
तिथे आल्यावर ती सूर गळ्याने भरते.
परवा चर्चमध्ये, चांगल्या पियानोवर,
जिथे सगळ्या पट्ट्या बोलत होत्या,
तिथेही नेमक्या त्या चार जागी
तिचा गळा बोलून गेला.
तिला कळलंही नसावं.

विनिपेगहून आलेल्या परीक्षकबाईंनी गुण कापले.
"स्पर्धा पियानोची आहे," त्या म्हणाल्या.
खोटं नव्हतं ते.
मला पुढचं बोलता येईना,
म्हणून नुसता हात वर केला. पाद्रीबुवांनीही केला.
दोन विरुद्ध एक.

चेक मारिसेलच्या नावाने गेला.
आइसलँडचं नाणं खजिनदाराकडे राहिलं,
हिशेबाच्या वहीत तशी नोंद आहे.

रात्री दोनला यंत्र घेऊन निघालो.
लिव्हरवरच्या हातावर ते ठेवलं.
बेकरी गेली, शाळा गेली.
धक्क्याच्या वळणावर पडलं,
सीटखाली कुठेतरी.
अजून शोधलेलं नाही.