हाली शिक्का

जालन्यात एप्रिलभर कूलर
उंदरांसाठी चालतो, आमच्यासाठी नाही.
बावीस पिंजरे, ओला भुसा,
आणि त्याचा वास न येणारे लतीफमामू.
"तीस वर्सं झाली बाई, नाक थकलं."

उंदराच्या नाकात हजारावर कुलपं,
ज्याच्या त्याच्या वासाची किल्ली निराळी.
माणसाच्या नाकात उघडतात चारशेच्या आसपास,
बाकीची गंजली,
पण दारावरून कुणी काढली नाहीत.
हे सांगितलं तर मामू म्हणाले,
"म्हन्जे आमच्या गल्लीवानी."

पेशीपेशीत तीच पोथी, सबंध.
यकृत आपलं पान उघडतं, नाक आपलं.
एकमेकांत डोकावत नाहीत.

स्क्रीनवर वर उंदराची ओळ, खाली माणसाची.
वर बारा खण, सलग.
खाली चारपाच,
मधे नुसत्या रेघा,
आणि अध्येमध्येच "थांबा" म्हणणारी तीन अक्षरं.
या पानावर क जीवनसत्त्व करायची रीत होती.
उंदीर ती अजून रोज वाचतो.
आपण शेपूट गळायच्याही आधी
झाडावर बसून एवढी फळं खाल्ली
की रीत बिघडली तरी कुणी मेलं नाही.
मग बिघाडच पुढे आला
नाकाडोळ्यांसोबत, बापाकडून लेकीकडे.

मामूंनी डब्यातून मोसंबी काढली,
अंबडची, जरा कडसर.
एक फोड पिंजऱ्यात टाकली.
"त्यांना नको मामू, ते आपलं आपण करतात."
"मंग आपुन कामून नाई करत?"

मी सांगितलं, जमेल तसं.
ते बराच वेळ गप्प.
मग पाकिटाच्या चोरकप्प्यातून
एक रुपया काढला, चारमिनार असलेला.
"अब्बाचा. हाली शिक्का.
हाली म्हन्जे चालू."
किराणावाला घेत नाही,
सोनार वितळवायला मागतो.
"ठप्पा बघा. रेघ नाई झिजली."

खरंच नव्हती.
नाणं वापरून झिजतं,
आणि माझ्या स्क्रीनवरची खालची ओळ
न वापरून.
हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही,
का कोण जाणे.

उंदीर फोडीजवळ आला,
हजार कुलपांचं नाक हलवलं
आणि गरज नसताना खाऊ लागला.
उरलेली मोसंबी मी खाल्ली, गरजेपोटी.
बिया मामूंनी
हात पुढे करून मागून घेतल्या.