ट्रॉली मागे घेताना

नकाशा पलंगावर मावेना,
म्हणून ओट्यावर पसरला.
चार कोपऱ्यांवर चार नट, एकोणीस नंबरचे.
जर्मनीवर मांजर येऊन बसलं
ते उठायचं नाव घेत नाही.

बेबीनं ब्रेमेनहून टपालानं पाठवलाय.
फोनमधला नकाशा पुढचं वळण तेवढं सांगतो,
मला मागचंही लागतं.

त्यांनी घर घेतलंय, चाकांवरचं, जुनं.
आत शेगडी, चार जणांची झोपायची सोय,
आणि हो, संडाससुद्धा, कोकिळाने तीनदा विचारलं.
जूनमध्ये ते गाडीला जोडायचं
आणि उत्तरेला निघायचं, जिथे सूर्य
मावळतीला येतो आणि विचार बदलतो.

मी फैजपुरात एकतीस वर्षं ट्रॉल्या बनवल्या.
निम्म्या रावेर तालुक्याची केळी
माझ्या वेल्डिंगवर बसून स्टेशनाला गेली.
म्हणून बेबी रस्ता विचारत नाही,
जोड विचारते.

पप्पा, मागे घेताना ती भलतीकडेच जाते.

जाणारच. डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे,
तेही थोडंच, आणि लगेच तिच्या मागे जायचं,
नाहीतर दोघी एकमेकींकडे तोंड करून
चिडून बसतील रस्त्यात.
नाहीच जमलं तर चाक खालून धर,
घड्याळातल्या सहावर.
मग तुझा हात जाईल तिकडे ती जाईल.

तिकडून हसण्याचा आवाज, हेन्रिकचा.
त्याला मराठी कळत नाही, सहा कळतं.

भार आखाच्या वर. पाण्याचा कॅन, गॅस,
आईच्या लोणच्याची बरणी, सगळं मध्ये.
मागे भार गेला की ती शेपूट हलवते
आणि मग गाडी कोण चालवतंय ते सांगता येत नाही.
वाघोद्याच्या फाट्यावर काशिनाथ झोपेची ट्रॉली
अशीच गेली. घड शेतात,
ट्रॅक्टर बांधावर, काशिनाथ बाभळीखाली
विडी शोधत. पिन माझी शाबूत होती.
ते मी वर्षभर सांगत फिरलो.
आता सांगत नाही.

कोकिळाच्या डब्यातला दोरा घेतला,
ब्लाउजचा, जांभळा.
वळणावळणानं रस्त्यावर अंथरला,
मग पट्टीवर ताणून मोजला.
एक घाट, दोन बोटी
(बोटीचं भाडं लांबीवर, म्हणून जोडाचा दांडाही मोजायला सांगितला),
पुढे नुसतं जंगल, आणि नावं अशी
की उच्चारताना दातांत अडकतात.
त्याच मापानं फैजपूर ते भुसावळ
बडीशेपेच्या दाण्याएवढं निघालं.
तेवढ्यात माझं आयुष्य झालं, वाईट नाही झालं.

वहीत मुक्काम लिहिले. कुठे उतार,
कुठे ऐंशीच्या वर जायचं नाही,
कुठे भाकरीचं पीठ संपेल.
पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येईल.

कोकिळा भरीताची वांगी भाजून आली,
हाताला राखेचा वास. वही उलटीच वाचत राहिली.
मग म्हणाली,
हे दर दोन तासांनी थांबे कोनासाठी?

इंजिन तापतं, मी म्हणालो.

पोरं जवान आहेत. पाच-पाच तास थांबत नाहीत ती.

चढ असतो.

चढ, ती म्हणाली,
आणि माझ्या गुडघ्याकडे बघितलं,
मग मोरीच्या दाराकडे,
जिथे मी रात्रीतून चारदा जातो.
काही बोलली नाही. वांगी सोलायला बसली.

पासपोर्टवर माझं नाव चुकलंय,
फेगडेचं फेकडे. दुरुस्तीला दिलं नव्हतं,
लागणार कुठे, म्हणून.

रात्री जेवण झाल्यावर
रिकामं ताट दोन्ही हातांत धरलं,
मग एका हातात, खालून, सहावर.
अंगणात कुणी नव्हतं, मांजर होतं.
हळूच फिरवलं.

आतून भांड्यांचा आवाज थांबला.
डावीकडे, कोकिळा म्हणाली,
तुळशीला लागेल.