नऊ इंच हाड

फोनवर मी आधी वजनच सांगून टाकते.
एकशे अठरा किलो. वर खोगीर, बूट, भिजलेला कोट.
पलीकडे मग जी शांतता पसरते
तिची लांबी आता मला पाठ झालीय.

गॉलवेचा एक म्हणाला, "मोठ्या बाईला मोठा घोडा."
आणि तबेल्यातून काढला पावणेसहा फुटी, तपकिरी,
चर्चच्या दारातल्या नवरदेवासारखा देखणा.
मी वाकून पाय पाहिले. गुडघ्याखाली काटक्या.
पाठ लांबलचक, मधोमध झोळी होऊ घातलेली.
उंचीनं भार पेलत नाही, एवढं मला कळतं.
मीही उंच आहे; विचारा माझ्या गुडघ्यांना.

स्लायगोतल्या बाईनं घोडा दाखवलाच नाही.
चहा दिला. आधी थोडं उतरवा म्हणाली, मग या.
आणि बिस्किटांची बशी
हळूच स्वतःकडे ओढली.

एकतीस वर्षं मी बोटीवर स्वयंपाक केला,
डब्लिन ते होलीहेड, होलीहेड ते डब्लिन,
वादळात रश्शाचं पातेलं पोटाशी धरून.
समुद्रानं कधी काट्यावर चढवलं नाही.
अकरा वर्षांची असताना
कोळसेवाल्याच्या घोडीवर एकदाच बसले होते,
गल्लीच्या टोकापर्यंत.
तिथून पुढे कधी गेलेच नाही.

ग्रॉन्या, आमच्या गावची जनावरांची डॉक्टर,
तिनं मला मेंढ्यांच्या काट्यावर उभं केलं, खोगीर हातात देऊन.
आकडा मोठ्यानं वाचला, मेंढीचा वाचतात तसा,
ना दया, ना थट्टा.
"एवढ्याला साडेसहाशे किलोचं जनावर बघ.
आखूड पाठ, रुंद कंबर,
गुडघ्याखाली टेप गुंडाळलीस तर
नऊ इंच भरायला हवेत.
रंगबिंग देवावर सोड."

तेव्हापासून खिशात शिंप्याची टेप.

ऑक्टोबरच्या जत्रेत घोट्यापर्यंत चिखल.
मॅलकी कॅफर्कीच्या ट्रेलरमागे ती उभी होती,
अबलख, बुटकी, पिंपासारखी,
खुरांवर केसांच्या मळक्या झालरी,
एका कानाचा तुकडा गेलेला.
बारा वर्षांची. किनाऱ्यावरून शेवाळाची गाडी ओढायची.
नाव म्हणे डचेस.
मी चिखलात गुडघे टेकले.
सव्वानऊ.
पुन्हा मोजलं. सव्वानऊच.

मॅलकीची नजर माझ्यावरून वर-खाली फिरली.
ती नजर ओळखीची, मी उत्तर तयार ठेवलं होतं.
त्यानं बीअरचं क्रेट उपडं घातलं,
स्वतः त्यावर चढून दोन उड्या मारून पाहिल्या,
उतरला, म्हणाला, "धरेल. या."

बसले.
घोडीनं मागचा एक पाय जरासा सरकवला,
बाकावर कुणाला जागा करून द्यावी तसा.
बस्स, तेवढंच.
मग नाक झटकलं आणि
कुणाच्या तरी सँडविचकडे बघत राहिली.

घासाघीस पाऊण तास चालली.
तो दोनदा निघून गेला, मी एकदा.
शेवटी एका अनोळखी म्हाताऱ्यानं
आमचे दोघांचे पंजे धरून एकमेकांवर आपटले.
तीन हजार आठशे.
त्यातले वीस मॅलकीनं शकुनाचे म्हणून परत केले,
आधी त्यावर थुंकून.

परवा टेकडीच्या चढाला मी खाली उतरले.
तिनं मान वळवून पाहिलं: आता काय?
काही नाही म्हटलं, चल.
दोघी चालत राहिलो. धाप फक्त माझी.
वरून समुद्र दिसला, एक बोट परतत होती.
तिच्यावरच्या पातेल्यात आज काय असेल,
हे मला वारानुसार सांगता येतं.

खोगीर अजून उसनंच आहे, तिच्या पाठीला अरुंद पडतं.
नवं शोधतेय. दुकानांना फोन करते,
आणि आधी वजनच सांगते. तिचं.
पलीकडे कुणीही
गप्प होत नाही.